पिपियान वेर्दे दर वेळी फुटतो आणि कडवट होतो, नक्की कुठे चुकतंय?

निवडुंगाचीभाजी

नमस्कार मंडळी, आम्ही दीड वर्षापासून मेक्सिकोत केरेतारोला राहतोय, मी शाकाहारी, त्यामुळे पहिले काही महिने बाहेर खायचं म्हटलं की चीज घातलेली केसादिया नाहीतर बीन्स एवढंच पदरात पडायचं. मग समोरच्या सेन्योरांनी, म्हणजे समोरच्या बाईंनी, इस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी इथे बरेच लोक मांस खात नाहीत ना, तेव्हा जेवायला बोलावलं आणि निवडुंगाच्या फोडी घातलेला पिपियान वेर्दे वाढला. भोपळ्याच्या बियांचा हिरवा दाट रस्सा, वर कोथिंबिरीचा वास, आंबटसर, आणि खाली तीळकुटासारखी स्निग्ध चव, सोबत गरम तोर्तिया. मी तीन वेळा मागून घेतलं. इतक्या दिवसांनी कुणाच्यातरी घरचं वाटण घातलेलं जेवण जेवल्यासारखं वाटलं.

त्यांनी कागदावर रेसिपी लिहून दिली पण माप काहीच नाही, सगळं मूठभर आणि चिमूटभर. मी आतापर्यंत तीनदा केलंय. पहिल्यांदा कागदावर "तोमाते" लिहिलं होतं म्हणून मी लाल टोमॅटो घातले, रंग विटकरी झाला आणि चव भलतीच. दुसऱ्यांदा बाजारातून ते सालपटातले हिरवे तोमातिलो आणले, बिया तव्यावर आपण तीळ-शेंगदाणे भाजतो तशा छान खरपूस भाजल्या, तर सगळं कडवट. तिसऱ्यांदा बिया कमी भाजल्या, वाटण कढईत तेल सुटेपर्यंत चांगलं परतलं, मग गरम पाणी घालून झणझणीत उकळी काढली आणि पाच मिनिटांत डोळ्यादेखत ते फाटलं, नासलेल्या दुधासारखे गोळे वर आणि खाली पाणी, आणि रंग राखाडी-हिरवा. टाकवेना म्हणून आम्ही खाल्लं पण मन खट्टू झालं.

सेन्योरांना परत विचारायला संकोच वाटतो असं नाही, विचारलं पण त्या म्हणतात "हळू कर", आणि माझं स्पॅनिश त्याच्या पुढे जात नाही. कुणी नीट केलंय का? माप आणि कारण दोन्ही सांगाल तर फार बरं होईल.

पुएब्लात_आठ_वर्षं

ताई, सेन्योरांनी एका शब्दात सगळं सांगितलंय खरं तर. मी पुएब्लाला आठ वर्षं काढली, तिथे पिपियान हा रोजच्या जेवणातला पदार्थ आहे, बाजारात त्याची तयार पेस्टही किलोवर मिळते, आणि माझ्या घरमालकीणबाईंनी मला शेजारी उभं करून तो शिकवला. तुमच्या तिन्ही चुका मीही केल्यात आणि तिन्हींचं मूळ एकच आहे, आपला हात. खरपूस भाजणं, तेल सुटेपर्यंत परतणं आणि रटरट उकळणं, या तीन सवयींवर आपला अख्खा स्वयंपाक उभा आहे आणि पेपितांना, म्हणजे भोपळ्याच्या बियांना, या तिन्ही चालत नाहीत.

आधी टोमॅटोचा घोळ. मध्य मेक्सिकोत "तोमाते" म्हणजे हिरवा तोमातिलो, लाल टोमॅटोला तिथे "हितोमाते" म्हणतात. दोन्ही शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतले. त्यामुळे केरेतारोच्या बाईनं तोमाते लिहिलं तर ते सालपटातलंच फळ. यात तुमची चूक नाही, कुणीही फसतं.

आता बिया. सोललेल्या हिरव्या पेपिता घ्या, आणि घ्यायच्या आधी एक चावून बघा, जुन्या असतील तर खवट लागतात आणि मग काहीही केलं तरी रस्सा सुधारत नाही. जाड बुडाच्या तव्यावर किंवा कोमालवर (तिथला सपाट तवा) मंद ते मध्यम आचेवर, तेल न घालता, सतत हलवत राहायचं. चार-पाच मिनिटांत त्या टपोऱ्या फुगतात आणि तडतडायला लागतात, काही तर तव्याबाहेर उडतात. बहुतेक फुगल्या की संपलं. रंग हिरवाच राहिला पाहिजे, कडेला जेमतेम सोनेरी छटा आली तर चालेल, तपकिरी ठिपके दिसले की कडूपणा आलाच. आणि लगेच ताटात काढा, गॅस बंद करून तव्यातच ठेवल्या तर तवा त्यांना जाळत राहतो, मला वाटतं तुमचं दुसऱ्या वेळी अर्धं नुकसान तिथेच झालं असणार.

मी घेतो ते माप, चार-पाच माणसांना:
पेपिता १५० ग्रॅम, तोमातिलो ३५० ग्रॅमच्या आसपास, सेर्रानो मिरच्या २ किंवा ३, पोब्लानो मिरची १ (जाळावर भाजून साल काढून), अर्धा पांढरा कांदा, लसणीच्या २ पाकळ्या, कोथिंबीर मोठी मूठ देठांसकट, लेट्युसची ४-५ बाहेरची गडद पानं, मुळ्याचा कोवळा पाला असेल तर थोडा, एपासोतेची (उग्र वासाचा तिथला पाला) एक डहाळी, स्टॉक ३ कप, तेल २ चमचे (तिथे डुकराची चरबी वापरतात, तुम्ही तेलच घ्या), जिरं अगदी पाव चमचा, एक लवंग, मीठ.

तोमातिलो सोलल्यावर हाताला चिकट लागतात, ते चिकट धुऊन काढा. मग कांदा, मिरची, लसणीबरोबर पाण्यात मंद उकडा, भडक हिरव्याचा मळकट हिरवा रंग झाला की काढा, फुटू देऊ नका, फुटले की जास्त आंबट होतात असा माझा अनुभव. बिया आधी कोरड्याच चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, सलग फिरवल्या तर तेल सुटून त्याचा गोळा होतो. पूड झाली की एक कप गार झालेला स्टॉक घालून गंधासारखं वाटा. तोमातिलोचं वाटण वेगळं.

कढईत तेल तापवून आधी तोमातिलोचं वाटण ओता, ते चरचरलं पाहिजे, त्याला पाच-सात मिनिटं परतून थोडं आटवा, त्याला तेवढं सोसतं. मग आच एकदम कमी करा आणि बियांचं वाटण घाला, उरलेला स्टॉक थोडा थोडा करत मिसळा, आणि इथून पुढे पळी हातातून सोडायची नाही. वीस मिनिटं. मधून एखादा बुडबुडा फुटला तर फुटू दे पण उकळी नको.

कारण विचारलंत म्हणून सांगतो. या बियांत जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं आणि साधारण ३० टक्के प्रथिनं. जोरात उकळलं की प्रथिनं आखडून त्यांच्या गुठळ्या होतात आणि तेल-पाणी वेगळं पडतं. ताकाची कढी आपण का उकळू देत नाही, तेच इथे. कढीला बेसन तरी सांभाळून घेतं, पिपियानात बिया स्वतःच दाटपणा देणाऱ्या आहेत, त्यांना सांभाळायला दुसरं कुणी नाही. वर हिरवट तेलाचे थेंब तरंगले तर घाबरू नका, ते उलट चांगलं, तिथल्या बायका ते बघूनच झालं म्हणतात. थेंब म्हणजे झालं, गोळे म्हणजे फाटलं, एवढा फरक. आणि फाटलंच तर टाकून देऊ नका, थोडं निवू द्या, दोन चमचे कोमट स्टॉक घालून मिक्सरला परत फिरवा, बऱ्याच वेळा परत जुळून येतं.

रंगाचं म्हणाल तर आंबट आणि उष्णता एकत्र आली की पानांचा हिरवा रंग मळतोच, थोडाफार मळणारच. म्हणून कोथिंबीर, लेट्युस, मुळ्याचा पाला कच्चाच अर्धा कप स्टॉकमध्ये वाटून शेवटच्या पाच मिनिटांत घाला. मी आधी सगळं एकत्रच वाटायचो आणि मलाही तोच राखाडी रंग मिळायचा.

मेरिदाकर

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त दुसऱ्या टोकाकडून सांगते कारण मी मेक्सिकोच्या आग्नेय टोकाला युकातानमध्ये राहते आणि इकडे पेपितांचं वेगळंच राज्य आहे. निवडुंगाचीभाजी, तुझा धीर खचला असेल तर आधी सिकिल पाक करून बघ, त्याला शिजवायचंच नसतं त्यामुळे फाटायचा प्रश्नच येत नाही, आणि बिया किती भाजायच्या याचा हात बसतो. माया भाषेत सिकिल म्हणजे भोपळ्याची बी आणि पाक म्हणजे टोमॅटो, हे आपल्या साखरेच्या पाकाशी काही नातं नसलेलं पाक बरं का. लाल टोमॅटो कोमालवर साल काळी पडेपर्यंत भाजायचे, एक आबानेरो मिरचीही तशीच भाजायची, बिया भाजून कुटायच्या, आणि सगळं कोथिंबीर, मीठ, आंबट संत्र्याचा रस घालून कालवायचं. वांग्याचं भरीत ज्याला जमतं त्याला हे जमणारच, भरतात दाण्याचं कूट घालतो तसं हे कूटच जास्त आणि टोमॅटो बेताचा. आबानेरोच्या बिया काढ आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नकोस.

इकडे बाजारात दोन तऱ्हेच्या बिया दिसतात, सोललेल्या आणि सालीसकट. सिकिल पाकला बऱ्याच घरांत सालीसकट भाजून कुटतात, त्याला एक मातकट, धुरकट चव येते, ती मला सोललेल्या बियांपेक्षा जास्त आवडते. चरबरीत वाटत असेल तर चाळून घे.

आणि तू शाकाहारी आहेस, अंडं खात असशील तर पापाद्सुलेस नक्की खा. पेपितांची बारीक पूड एपासोतेच्या गरम पाण्यात भिजवून हातानं मळतात आणि मळता मळता दाबून तिचं हिरवं तेल काढतात, ते वाटीत बाजूला ठेवतात, मग उरलेल्या पुडीचा दाट रस्सा करून त्यात तोर्तिया बुडवून उकडलेल्या अंड्याचं सारण भरून गुंडाळतात, वर टोमॅटोचा सॉस आणि त्यावर ते हिरवं तेल थेंब थेंब. मी पहिल्यांदा एका आजींना ते तेल काढताना बघितलं तेव्हा नारळाचं दूध पिळणारे माझ्या मालवणच्या आत्याचे हात आठवले, जोर तोच, पिळणं तेच. तो रस्साही त्या उकळत नाहीत, नुसता कोमट ठेवतात. हे मुद्दाम सांगते कारण पेपितांना उकळी नको हे देशाच्या दोन्ही टोकांना माहीत आहे.

पाटावरवंटा

मी मेक्सिकोला गेलेलो नाही, पण जुन्या खाण्यापिण्याच्या इतिहासाचं वाचन करतो म्हणून थोडी भर. हा पदार्थ स्पॅनिश लोकांच्या आधीचा आहे आणि त्याची लेखी नोंद आहे. बेर्नार्दिनो दे साआगुन नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं १६व्या शतकात नाहुआ लोकांकडून त्यांच्या जगण्याची माहिती गोळा करून लिहून ठेवली, त्यात सरदारांच्या जेवणाच्या वर्णनात लाल मिरची, टोमॅटो आणि वाटलेल्या भोपळ्याच्या बिया घालून केलेला पक्ष्याच्या मांसाचा रस्सा येतो आणि त्याला आता पिपियान म्हणतात असं तो सांगतो. म्हणजे पिपियान हे नाव तेव्हाही नवं होतं आणि पदार्थ जुना. मोले हा शब्दसुद्धा नाहुआत्लमधल्या मोल्लीवरून, अर्थ साधा, सॉस किंवा कालवण.

भोपळा तर त्याहून कितीतरी जुना. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातल्या गिला नाकित्स नावाच्या गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्यात, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. मका माणसाळायच्या आधीची ही गोष्ट. त्या काळच्या भोपळ्यात आजच्यासारखा गोड गर नव्हता, रानभोपळ्याचा गर तर कडूच असतो, त्यामुळे माणसानं आधी बियांसाठीच भोपळा हाताशी धरला असं बरेच अभ्यासक मानतात. मला हे वाचून फार थरारल्यासारखं झालं होतं. आपण ज्या बिया भोपळा चिरताना सुपात गोळा करतो किंवा फेकून देतो त्याच मुळात तिथल्या पहिल्या पिकांपैकी एक होत्या.

आणि ते वाटायचे तिथल्या मेतातेवर, तीन पायांचा उतरता दगड आणि हातात आडवा लाटणीसारखा दगड. आपल्या पाट्यावरवंट्याचा सख्खा भाऊ वाटावा असा, पण दोन्हीकडे वेगवेगळा जन्मलेला.

नाशिककरीण

खूप छान माहिती. मी नाशिकला आहे, मला इथे करून बघायचंय पण तोमातिलो कुठून आणू? आमच्या शेताच्या बांधावर चिरबोटी उगवतात, तसंच सालपट असतं, त्या कच्च्या घेऊ का? आणि वाण्याकडचा मगज चालेल का, तो पण बियाच ना. एपासोतेऐवजी ओवा घातला तर?

पुएब्लात_आठ_वर्षं

चिरबोटी आणि तोमातिलो एकाच कुळातले आहेत हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, पण कच्च्या चिरबोटी अजिबात घेऊ नका, त्या पोटाला बाधतात. त्यापेक्षा कच्चे, घट्ट, पूर्ण हिरवे टोमॅटो घ्या, आपण चटणीला घेतो ते, आणि वरून लिंबू पिळा. तोमातिलोचा जो फळासारखा आंबटपणा आहे तो पुरता येणार नाही पण रस्सा चांगला होतो, मी आता पुण्यात तसाच करतो.

मगज नको. वाण्याकडे मगज म्हणून जे मिळतं ते बहुतेक कलिंगड किंवा खरबुजाच्या पांढऱ्या बिया असतात, त्यांचा रस्सा पांढुरका आणि सपक होतो. सुकामेव्याच्या दुकानात भोपळ्याच्या हिरव्या सोललेल्या बिया म्हणून मागा. पोब्लानोच्या जागी सिमला मिरची जाळावर भाजून आणि तिखटासाठी साध्या हिरव्या मिरच्या. मुळ्याचा पाला तर आपल्याकडे ताजा मिळतो, तो नक्की घाला.

एपासोते चाकवताच्या कुळातला आहे पण वास एकदम वेगळा, उग्र, थोडा घासलेटासारखा म्हटलं तरी चालेल, आणि रस्स्यात तोच वास गोड होतो. त्याच्या जागी काही घालू नका. ओवा घातलात तर ओव्याचाच रस्सा होईल. कोथिंबीर थोडी वाढवा आणि पुढे चला.

ज्यांना खरपूस चवच हवी त्यांनी तांबडा पिपियान करावा. त्यात आंचो आणि ग्वाहियो या सुक्या मिरच्या, पेपितांबरोबर तीळ, थोडी दालचिनी, लवंग. तीळ स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. तिथे बिया आणखी एक छटा पुढे भाजल्या तरी मिरचीच्या गोडसर चवीत जिरून जातात. आंचोच्या जवळ आपल्याकडची बेडगी आणि थोडी मनुका, अगदी तशी नाही पण रंग आणि गोडवा दोन्ही येतात.

मेरिदाकर

तोमातिलोवरून आठवलं, त्याची सालपटं टाकू नका ग. निवडुंग उकडताना त्या पाण्यात घालतात बऱ्याच घरांत, भेंडीसारखा जो चिकटा सुटतो तो कमी होतो म्हणून. उकडून झाल्यावर निवडुंग गार पाण्याखाली धुऊन चाळणीत निथळत ठेवायचं. तो चिकटा रस्स्यात गेला तर सगळी मेहनत वाया.

आणि भाज्यांच्या स्टॉकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून, नुसतं पाणी घालू नकोस, चव फिकी पडते. मक्याची दाणे काढलेली कणसं, कांदा, लसूण, दोन गाजरं आणि कोथिंबिरीचे देठ अर्धा-पाऊण तास उकळून गाळून घे. कणसाचा गोडवा पेपितांना फार छान लागतो. चायोते घातलेलाही कर कधीतरी, आपल्याकडे चौचौ म्हणतात ते.

निवडुंगाचीभाजी

सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी केलं आणि जमलं!!! सविस्तर लिहिते कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

शनिवारी आधी सिकिल पाक केला, बियांचा हात बसावा म्हणून. तडतडायला लागल्या की मला भीती वाटून मी आणखी दोन मिनिटं ठेवायचे हे तेव्हा कळलं, कारण आपल्याकडे तडतडणं म्हणजे सुरवात असते, मोहरी तडतडली की मग पुढचं सगळं, आणि इथे तडतडणं म्हणजे शेवट. एवढं एक डोक्यात बसलं आणि कडवटपणा गेला. नवऱ्यानं तो सिकिल पाक ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला (पीठ इथे एका भारतीय दुकानातून मागवतो), म्हणाला हे कुठली चटणी आहे, गावाकडची वाटते.

रविवारी पिपियान. कणसाचा स्टॉक केला. तोमातिलोचं वाटण चरचरीत परतलं, मग आच कमी करून बियांचं वाटण, आणि पळी घेऊन उभी राहिले. पंधरा मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटत होतं, हात शिवशिवत होता आच वाढवायला, पण नाही वाढवली. अठराव्या का विसाव्या मिनिटाला कडेनं हिरवट तेलाचे बारीक थेंब दिसायला लागले आणि रस्सा पळीच्या पाठीला धरायला लागला. मग कच्ची कोथिंबीर-लेट्युसचं वाटण घातलं आणि रंग एकदम उजळला, अगदी त्यांच्या घरी होता तसा नाही, थोडा मळका, पण राखाडी नाही. एपासोतेची डहाळी अख्खी टाकून शेवटी काढून घेतली.

वाटीभर सेन्योरांना नेऊन दिला. त्यांनी चमचाभर चाखला, मीठ कमी आहे म्हणाल्या, स्वतःच्या हातानं मीठ घातलं, ढवळलं, परत चाखला, आणि मग उभ्या उभ्याच सगळी वाटी संपवली. येताना पिशवीभर सोललेलं निवडुंग दिलं, काटे काढलेलं.

एक शेवटचं, उरलेला फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी पार घट्ट, वडी पाडता येईल इतका. गरम करताना पाणी घालू का?

पुएब्लात_आठ_वर्षं

अरे वा, फार छान वाटलं वाचून. पाणी नको, स्टॉक उरला असेल तर तो, आधी गारच मिसळून सारखा करून घ्या आणि मग मंद आचेवर ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये कडेनं उकळतो आणि फाटतो. दोन-तीन दिवसांत संपवा. आणि मीठ गरम केल्यावर परत चाखून बघा, स्टॉक घातला की कमी पडतं.